सुरूचे बन, वरकस जमीन आणि झाडाची वाढ

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला, काजळी नदीच्या मुखापलीकडे, भाट्याचा किनारा आहे. तिथे सुरूचे बन आहे. शाळांच्या सहली येतात, मुले त्या सुयांसारख्या पानांवर बसून डबे खातात आणि त्यांना सांगितले जाते की ही सूचिपर्णी झाडे, हिमालयातल्या देवदाराची भावंडे. ही माहिती चुकीची आहे. सुरू हे सूचिपर्णी झाड नाही. त्याची एक 'सुई' हातात घेऊन हलकेच ओढावी; ती सांध्यासांध्याने सुटते. सुई म्हणून जी दिसते ती हिरवी बारीक डहाळी असते आणि खरी पाने प्रत्येक सांध्याला खवल्यांसारखी, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी चिकटलेली असतात. हे फुले येणारे झाड आहे. ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवरून ते इकडे आणले गेले. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कारवारच्या किनाऱ्यावर १८६८ च्या सुमारास त्याची लागवड सुरू झाली. गंमत अशी की 'सुरू' हा शब्द मात्र खऱ्याखुऱ्या सूचिपर्णी झाडाचा आहे. फारसीतला 'सर्व' म्हणजे सायप्रस. रूप पाहून नाव दिले आणि नाव पाहून कूळ ठरवले. आपल्या समाजात हा प्रकार नवा नाही.

हा मुद्दा केवळ वनस्पतिशास्त्राच्या तासापुरता असता तर या पानांवर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण गेली काही वर्षे 'जैवभार' हा शब्द कार्यकर्त्यांच्या शिबिरांत, शासकीय योजनांत आणि विद्यापीठांच्या प्रबंधांत वारंवार येऊ लागला आहे. जंगलात किती जैवभार आहे, म्हणजे खोड, फांद्या, पाने, मुळे मिळून किती वजनाचा जिवंत माल उभा आहे, यावरून त्या जंगलाची किंमत ठरते. त्यातला कर्ब मोजून जगाच्या बाजारात त्याचे पैसे करण्याची भाषाही सुरू झाली आहे. आणि जिथे हा भार कमी भरतो तिथे एक ठरलेले वाक्य उच्चारले जाते : कोकणात एवढा पाऊस पडतो, पण लोकांनी जंगल तोडून खाल्ले. हे 'लोक' कोण, ते सांगितले जात नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणारी बौद्धवाडीतली किंवा कातकरी वस्तीतली बाईच उभी राहते. म्हणून झाड वाढते कशावर आणि थांबते कशामुळे, हे आपण आपल्या बुद्धीने समजून घेतले पाहिजे.

लाकूड येते कुठून? आपल्यातला शिकलेला माणूसही पटकन म्हणतो, मातीतून. सतराव्या शतकात व्हान हेल्मॉन्ट नावाच्या संशोधकाने हे तपासले. त्याने २०० पौंड सुक्या मातीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. मातीचे वजन मात्र दोन-एक औंसच घटले. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचे बनते. तो निष्कर्ष अर्धाच खरा होता. पुढे कळले की झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड पानांच्या रंध्रांतून आत घेते आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याशी त्याचा संयोग करून साखर बनवते. त्या साखरेचेच लाकूड होते. सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कर्ब असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो.

हवा सर्वांना सारखी आहे. मग सगळीकडे झाडे सारखी का वाढत नाहीत? इथे ते दोन औंस महत्त्वाचे ठरतात. मातीतून जे घटले ते वजनाने क्षुल्लक होते. पण नत्र, स्फुरद, पालाश, चुना यांच्यावाचून पान बनत नाही आणि पानावाचून हवेतला कर्ब पकडता येत नाही. या घटकांपैकी जो सर्वांत कमी, त्याच्या मापाने वाढ थांबते. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा नियम लोकांपुढे मांडला. आपल्या भाषेत सांगायचे तर कळशीला ज्या उंचीवर भोक असेल त्याच्यावर पाणी राहत नाही. मग वरून कितीही ओता. वाढीच्या प्रश्नात पहिली चौकशी नेहमी या भोकाची केली पाहिजे.

खऱ्या सूचिपर्णी वनांत हे भोक कुठे असते, ते पाहू. स्वीडनच्या उत्तर भागात फ्लाकालिडेन येथे स्प्रूसच्या जंगलात १९८७ पासून एक दीर्घ प्रयोग झाला. काही झाडांना नुसते पाणी दिले. फारसा फरक पडला नाही. काहींना पोषक द्रव्ये दिली. त्यांच्या खोडांची वाढ काही पटींनी वाढली. तिथल्या मातीत नत्र नाही असे नव्हे, पण थंडीमुळे पडलेला पाला कुजत नाही आणि नत्र त्या न कुजलेल्या थरात अडकून पडते. जमिनीत तारा पुरून माती थोडी उबदार केली तेव्हाही झाडे जोमाने वाढली, कारण उबेने जिवाणू-बुरशी कामाला लागल्या आणि अडकलेले नत्र सुटले. पुढे अख्खी झाडे पारदर्शक कोठ्यांत ठेवून त्यांना जादा कार्बन डायऑक्साइड दिला; ज्यांना खत मिळत नव्हते त्यांची वाढ त्याने वाढली नाही. हवेत कर्ब वाढला की जंगले आपोआप फोफावतील, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा. थंड प्रदेशात उन्हाळा लहान, माती कृपण, म्हणून तिथले झाड एकेक सुई कित्येक वर्षे टिकवून वापरते. ती गरिबीची काटकसर आहे. उष्ण आणि ओल्या प्रदेशात रुंद पानांची झाडे वेगाने वाढून अशा काटकसरी झाडाला सावलीत घालतात. रत्नागिरीत नैसर्गिक सूचिपर्णी वन नाही, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. उबेची इथे वाण नाही. पाऊस वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर. एक गुंठा जमिनीवर इतका पाऊस म्हणजे तीन लाख लिटर पाणी. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, आणि नेमके त्या महिन्यांत आभाळ झाकलेले असल्याने पानाला ऊन कमी मिळते. ऑक्टोबरात लख्ख ऊन पडते तेव्हा पाणी उतरू लागलेले असते. झाडाला एक किलो सुके लाकूड बनवायला शेकडो लिटर पाणी पानांतून उडवावे लागते. रंध्र उघडल्याशिवाय कर्ब आत येत नाही आणि उघडले की पाणी बाहेर जाते. म्हणून आकाशातून किती पडले यापेक्षा मुळांच्या टप्प्यात किती उरले, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

इथे जांभा आडवा येतो. १८०७ साली फ्रान्सिस ब्युकॅनन याने केरळात पाहून ज्याला 'लॅटेराइट' हे नाव दिले, तोच हा दगड. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातला चुना, पालाश, सिलिका धुऊन नेली आणि लोखंड व ॲल्युमिनियम मागे राहिले. ही माती आम्ल असते आणि तिच्यातले लोखंड-ॲल्युमिनियम स्फुरदाला असे धरून बसतात की झाडाला ते मिळत नाही. दगड सच्छिद्र, पाणी त्यातून झिरपून निघून जाते आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, तर वीतभरही माती नसते. पावसाळ्यात तिथे गवत आणि चिमुकली फुले येतात, दिवाळीनंतर सगळे वाळते. बरेच सडे हे तुटलेले जंगल नव्हेतच. तिथे दाट वन कधी नव्हते. तिथे खड्डे खणून रोपे लावायची, ती मेली की आसपासच्या गुरांना आणि गुराख्यांना दोष द्यायचा, हा वृक्षारोपणाचा कार्यक्रम भूगोलाच्या अडाणीपणातून निघतो.

सुरू या सर्वांतून कशी तरते? तिच्या मुळांवर गाठी असतात. त्यांत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतले नत्र बांधून झाडाला देतात. खवल्यांएवढी पाने पाणी कमी उडवतात. खारा वारा तिला सोसतो. वाळूत जिथे दुसरे काही येत नाही तिथे ती झपाट्याने जैवभार उभा करते. पण तिच्या सुयांचा जाड थर खाली साचतो आणि त्यात दुसरे रोप सहसा वर येत नाही. जैवभार भरपूर, पण गुराला चारा नाही, माणसाला फळ नाही, औषधाचा पाला नाही. वजनाच्या काट्यावर सुरूचे बन आणि मिश्र जंगल यांची तुलना करणाऱ्याने हेही काट्यावर ठेवावे.

पण रत्नागिरीतल्या झाडांच्या वाढीचा खरा इतिहास किनाऱ्यावर नाही, वरकस जमिनीवर आहे. भातशेताच्या वरच्या डोंगरउताराला वरकस म्हणतात. तिथे दोन-चार वर्षे नाचणी-वरी घ्यायची, मग जमीन पडीक टाकायची आणि झुडपे वाढू द्यायची, ही जुनी रीत. या वरकसावरच्या ऐन-किंजळीच्या फांद्या उन्हाळ्याआधी तोडायच्या, टाहाळ वाळवून भाताच्या दाढीच्या जागेवर पसरायचा, त्यावर पातेरा, शेण, मातीचा थर द्यायचा आणि जाळायचा. हा राब. राबाच्या राखेने मातीची आम्लता कमी होते, पालाश, चुना, थोडा स्फुरद मिळतो, तणाचे बी मरते. नत्र मात्र धुरावाटे निघून जाते. शेतकऱ्याने हे प्रयोगशाळेत शिकलेले नव्हते. पण त्याच्या मातीला नेमके काय कमी आहे ते त्याला कळले होते. कळशीचे भोक त्याने ओळखले होते.

इथे एक शास्त्रीय गोष्ट बारकाईने पाहावी. लाकडात पोषक द्रव्ये फार थोडी असतात. ती पानांत, कोवळ्या डहाळीत आणि सालीत एकवटलेली असतात. म्हणून फांद्यांचा टाहाळ नेणे म्हणजे वजनाने थोडे आणि पोषणाने पुष्कळ नेणे. राब हा डोंगराची सुपीकता उचलून शेतात आणण्याचा व्यवहार होता. दरवर्षी त्याच झाडाच्या फांद्या छाटल्या तर त्याचे पानच उरत नाही, साठवलेली साखर नवे पान काढण्यातच खर्च होते आणि खोड जाड होत नाही. तीन-चार वर्षांची विश्रांती दिली तर झाड सावरते. म्हणजे प्रश्न तोडण्याचा नव्हे, तोडीच्या अंतराचा आहे. आणि हे अंतर कोण ठरवत होते?

ब्रिटिश वनाधिकारी म्हणत की अडाणी रयत ठरवते. ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत राबावरून एवढा असंतोष झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. त्याच्या आधीच, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला होता. डोंगरावरचा पाला, शेण, कुजका माल पावसाबरोबर वाहून शेतात कसा येत असे आणि जंगल खात्याने डोंगर बळकावल्यावर शेतकऱ्याचे व गुरांचे काय झाले, हे त्यांनी त्यात मांडले आहे. आजचे शास्त्र ज्याला पोषक द्रव्यांचे चक्र म्हणते, ते त्यांनी शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले होते. आपल्या विद्यापीठांच्या पर्यावरणाच्या अभ्यासक्रमात हे पुस्तक किती ठिकाणी लावले आहे, याची चौकशी विद्यार्थ्यांनी जरूर करावी.

रत्नागिरीची स्थिती थोडी वेगळी. इथे सरकारी वन अगदी थोडे. जंगल बहुतेक खाजगी मालकीचे. आणि मालकी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खोताची. कूळ भाताचा अर्धा वाटा देई, वरकसावरच्या नाचणीचाही वाटा देई, आणि उद्या आपण या जमिनीवर असू की नाही याची त्याला शाश्वती नसे. ज्याला पुढच्या वर्षाची खात्री नाही त्याने चार वर्षांनी येणाऱ्या फांदीची वाट पाहावी, ही अपेक्षा शहाणपणाची नव्हे, निर्दयपणाची आहे. पडीक ठेवण्याची वर्षे कमी होत गेली, झुडपाला वाढायला सवड उरली नाही, पावसाने उघड्या उतारावरची माती नेली, आणि मातीबरोबर पाणी धरून ठेवण्याची शक्तीही गेली. पाऊस तेवढाच राहिला. झाडाच्या वाट्याचा पाऊस कमी झाला. पर्यावरणाची परिस्थिती म्हणून आज जी मोजली जाते तिच्यात हा जमीनसंबंध विरघळलेला आहे.

महाराचे स्थान याही खाली. वतनाच्या नावाने त्याच्यावर लादलेल्या कामांत लाकडे फोडणे, सरपण वाहून नेणे, स्मशानात लाकडे पोचवणे ही कामे होती. गावाच्या चुलीपासून चितेपर्यंतचे लाकूड त्याच्या खांद्यावरून गेले आणि झाड एकही त्याच्या नावावर नव्हते. ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्या बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तो प्रश्न त्यांनी कुळाचा आणि माणुसकीचा म्हणून मांडला. पण तो डोंगराचाही प्रश्न होता, असे आज म्हणता येते. खोती कायद्याने जायला १९४९ उजाडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली. कायद्याने जमीन कुळाकडे गेली तिथे गेली. ज्याचे कूळ म्हणून नावच लागले नव्हते, त्याच्याकडे जाणार काय?

याचा परिणाम पुढे कसा दिसतो, ते हापूसच्या बागेत पाहावे. कातळावर झाड वाढत नाही, असे वर म्हटले. पण रत्नागिरीच्या सड्यांवर हापूसच्या बागा उभ्या आहेत. कातळ सुरुंगाने फोडला, खड्ड्यात बाहेरून आणून माती भरली, खत घातले, पहिली वर्षे पाणी वाहून घातले, आणि कलम जगले. म्हणजे निसर्गाची मर्यादा ही शेवटची मर्यादा नाही. पैसा, मजुरी आणि सातबारा असेल तर माती विकत आणता येते. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, आंबा-काजूखालचे क्षेत्र पुष्कळ वाढले. पण कलम लावायला आधी जमीन नावावर हवी. बौद्धवाडीच्या वाट्याला पुष्कळ गावांत त्या योजनेतली खड्डे खणण्याची मजुरी आली. त्या मजुरीला कमी लेखायचे नाही; पण खड्डा ज्याने खणला आणि आंबा ज्याने विकला ते दोघे वेगळे होते.

आणि देवराई? 'पूर्वजांनी जंगल कसे राखले पाहा' म्हणून ती दाखवली जाते. तिच्यात शास्त्रीय तथ्य आहे. त्याच पावसात, त्याच जांभ्यावर, तिथे प्रचंड झाडे उभी आहेत, कारण पडलेला पाला कोणी नेत नाही, तो तिथेच कुजतो, मुळे तेच नत्र-स्फुरद पुन्हा उचलतात, आणि सावलीत माती ओली राहते. पण तुलना करताना दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पुष्कळ देवराया झऱ्यापाशी, माती खोल असलेल्या जागी आहेत. त्यांची बरोबरी उघड्या सड्याशी करणे हा अन्याय आहे. आणि देवराई राखणारी गावऱ्हाटी ही जातवार मानपानाची व्यवस्था होती. झाड राखले गेले हे खरे. माणसांची उतरंडही त्याच हातांनी राखली गेली, हे त्याच दमात सांगायला जीभ का अडखळते?

सध्या डोंगरावर चालले आहे ते वेगळेच. मालक मुंबईला, जमिनीला वहिवाट नाही, ठेकेदार उभे जंगल घाऊक भावाने घेतो आणि लाकडाचे ट्रक घाट चढतात. खुंटातून धुमारे फुटतात, सात-दहा वर्षांनी पुन्हा तोड. मुळे जुनी आणि खोल असल्याने धुमारे सुरुवातीला वेगाने वाढतात, म्हणून 'जंगल परत येते' असे म्हणायला जागा मिळते. परंतु झाडाच्या वाढीची चाल आधी सावकाश, मग वेगवान, मग पुन्हा सावकाश अशी असते. वेगाच्या मध्यावर दर वेळी तोडल्यास भार कधीच चढत नाही, आणि सालीतून-डहाळीतून पोषण दर फेरीला डोंगराबाहेर जाते. बाईच्या डोक्यावरची मोळी सुक्या फाट्यांची असते. ट्रक तिच्या मोळीसारखा रोज गावातून जात नाही, म्हणून तो नजरेत भरत नाही. एका फेरीत मात्र तो कैक मोळ्या नेतो.

हे मोजता येते आणि आपल्या विद्यार्थ्यांनी मोजावे. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडाभोवती फीत धरून घेर नोंदवायचा. त्यावरून, उंचीवरून आणि लाकडाच्या घनतेवरून झाडाचा भार काढतात. उतारावरची, वाडीजवळची, देवराईतली आणि ठेकेदाराने तोडलेल्या रानातली ऐनाची झाडे निवडून खुणा कराव्यात आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, त्याच जागी घेर घ्यावा. सोबत मातीची खोली, उताराची दिशा आणि शेवटची तोड केव्हा झाली ते लिहावे. जुन्या सागाचा खुंट मिळाला तर त्यावरची वर्तुळे मोजावीत. सागाला कोरड्या ऋतूमुळे वर्षाचे वर्तुळ पडते आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत अशा वर्तुळांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला आहे. आणि वहीत आणखी एक रकाना हवा : जमीन कोणाच्या नावावर आहे. वनशास्त्राच्या छापील तक्त्यांत तो सहसा नसतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींनाही दावा करता येतो. पण १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे राहून त्या वनावर निर्वाह चालला होता हे सिद्ध करावे लागते. रत्नागिरीत अडचण दुहेरी. बरेचसे रान खाजगी. त्यातले जे १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने सरकारकडे गेले त्याचे कागद तलाठ्याकडे एक आणि वन खात्याकडे दुसरे असू शकतात. आणि ज्याला जमीनच दिली नाही त्याने ७५ वर्षांचा कागद आणायचा कुठून? नियमांत मात्र कागदाखेरीज इतर पुरावेही मान्य आहेत : जुन्या विहिरी, दफनभूमी, बांधबंदिस्ती, आणि दावेदार नसलेल्या वृद्धांचे लेखी जबाब. राबासाठी टाहाळ कोणत्या डोंगरावरून आणत, कोणत्या वाटेने मोळी उतरे, स्मशानाची लाकडे कोण कुठून नेई, हे सांगणारी ऐंशीच्या पुढची माणसे अजून वाड्यांवर आहेत. घेराची फीत घेऊन जाणाऱ्यांनी त्यांचे जबाब त्याच फेरीत लिहून घ्यावेत, तारीख घालून आणि सही किंवा अंगठा घेऊन.